तहान लागण्याआधीची विहीर

मैत्रिणींनो,

हे संपादकीय मी खरं तर वर्षभर आधीच लिहायला हवं होतं. तेव्हा जमलं नाही, कारण तेव्हा आम्हीच आपापसात बोलत नव्हतो.

मे २०२५ मधली आमच्या गटाची मासिक बैठक मला अजून आठवते. २२ एप्रिलला पहलगामला सव्वीस माणसं मारली गेली होती, त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. मेच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी हल्ले सुरू झाले. अजेंड्यावर बचत गटाचा हिशोब आणि समुपदेशन केंद्राचं भाडं असे दोनच विषय होते, पण हिशोबाची वही कुणी उघडलीच नाही. मी एक पत्रक लिहून आणलं होतं. त्यात एवढंच म्हटलं होतं की मारेकऱ्यांना आणि त्यांच्या पाठीराख्यांना शिक्षा झालीच पाहिजे, मात्र ती न्यायाच्या मार्गाने व्हावी. युद्धाची किंमत दोन्हीकडच्या बायका आणि मुलं मोजतात.

पत्रक वाचून झालं आणि खोलीत शांतता पसरली. मग आमच्यातली एक जुनी कार्यकर्ती उठली. दारूबंदीच्या मोर्चात पोलिसांची लाठी खाल्लेली बाई. तिचा भाऊ तेव्हा सीमेवर होता. ती म्हणाली, "ताई, तुझं सगळं बरोबर असेल. पण हा कागद मी माझ्या आईसमोर कसा ठेवू? आणि न्याय न्याय म्हणतेस, तो मागायचा कुणाकडे? दोन देशांचं कोर्ट कुठं असतं का?"

मी म्हणाले, "असतं की. हेगला आहे." "मग त्याचं कोण ऐकतं?" तिने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. पत्रक निघालं नाही. १० मे रोजी गोळीबार थांबला, पण आमच्यातला अबोला पुढे दोन महिने चालला.

तिच्या प्रश्नाने मला वाचायला बसवलं. देशादेशांतल्या भांडणांसाठी एक न्यायालय असावं, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं? ते कुणी मागितलं, किती वर्षं मागितलं, आणि मिळालं तेव्हा त्याचं काय झालं? त्या वाचनातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते आहे. कारण त्यात आपल्याच बायका सापडल्या. नावं परकी आहेत, पण बैठकीतली भांडणं तीच आहेत.

आधी एका कागदाची गोष्ट

त्याआधी आपल्या केंद्रातला एक अनुभव सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

तालुक्यातल्या एका गावची बाई आमच्याकडे आली होती. नवरा मारायचा, दुसरी बाई ठेवली होती. गावातल्या चार प्रतिष्ठितांनी देवळात बैठक बोलावली. सगळे पुरुष. ही बाहेर ओट्यावर बसलेली. आत तिच्या संसाराचा निकाल चाललेला. तासाभराने तिला आत बोलावलं आणि कागदावर अंगठा घेतला. कागदावर लिहिलं होतं की उभय पक्षांत समेट झाला असून कोणाचीही तक्रार नाही. तंटा मिटला. आठ महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता.

मग कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. दोन वर्षांनी महिना तीन हजारांच्या पोटगीचा हुकूम झाला. नवऱ्याने चौदा महिने एक रुपया दिला नाही. वसुलीसाठी आम्ही पुन्हा खेटे घातले. मी तिला ओशाळून म्हटलं, "कोर्टात जाऊन तरी काय मिळालं तुला?" ती म्हणाली, "पैसे नाही मिळाले ताई. पण आता कागदावर लिहिलंय की त्याचं चुकलं. देवळातल्या कागदावर 'दोघांचं मिटलं' असं लिहिलं होतं."

तडजोड आणि न्याय यांतला फरक मला एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत कुणी इतक्या थोडक्यात शिकवला नव्हता. तडजोडीत बळी तो कान पिळी हे गृहीतच असतं. दोघांच्या ताकदीकडे बघून मधला रस्ता काढायचा. न्यायात मात्र आधी ठरलेला नियम असतो, आणि तो बळवंतालाही लागू असतो, निदान कागदावर तरी. देशांच्या बाबतीत नेमक्या याच फरकासाठी माणसं ऐंशी वर्षं भांडली.

शिवणाच्या सुया आणि देशांचं न्यायालय

अमेरिकेत विल्यम लॅड नावाचे एक गृहस्थ होते. पूर्वी जहाजाचे कप्तान, मग शेतकरी. १८२८ मध्ये त्यांनी तिथल्या विखुरलेल्या शांतता मंडळांची एक संस्था बांधली. १८४० मध्ये त्यांनी एक निबंध छापला. त्यात दोन वेगळ्या संस्थांची मागणी होती: सगळ्या राष्ट्रांच्या प्रतिनिधींची एक परिषद, जी नियम करील, आणि तिच्यापासून स्वतंत्र असं एक राष्ट्रांचं न्यायालय, जे त्या नियमांनुसार निवाडा देईल. न्यायालयाच्या हाती सैन्य नसेल, लोकमत हीच त्याची ताकद असेल, असं लॅड म्हणत. पुढच्याच वर्षी ते वारले.

त्यांची ही कल्पना युरोपात नेली ती एका लोहाराने. एलिहू बरिट ऐरणीवर घण घालता घालता भाषा शिकलेला माणूस होता. १८४८ मध्ये ब्रसेल्स, १८४९ मध्ये पॅरिस, मग फ्रँकफर्ट आणि लंडन अशा शांतता परिषदा भरल्या, त्यांत ही मागणी मांडली गेली. पॅरिसच्या परिषदेचे अध्यक्ष कादंबरीकार व्हिक्टर ह्युगो होते.

इतिहासाच्या पुस्तकांत इथपर्यंतचं सापडतं. पण या कामाला पैसे कुठून आले, ते सहसा सांगितलं जात नाही. ब्रिटनमध्ये गावोगावी बायकांची ऑलिव्हच्या पानाच्या नावाची मंडळं निघाली होती, शंभराच्या वर. पंधरावीस जणी कुणाच्या तरी घरी जमायच्या, शिवणटिपण करायच्या, त्या वस्तू विकायच्या. त्या पैशांतून युरोपातल्या वर्तमानपत्रांत शांततेचे छोटे लेख छापून आणले जायचे. मतदानाचा हक्क नाही, विवाहित बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येत नाही, अशा काळात सुईदोऱ्यातून उभा राहिलेला हा फंड. आपल्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात पत्रकं वाटणाऱ्या मैत्रिणींना हे चित्र परकं वाटू नये.

हे सगळं स्वप्नाळूपणाचं आहे असं म्हणणाऱ्यांना १८७२ साली एक उत्तर मिळालं. अमेरिकेच्या यादवी युद्धात ब्रिटनमध्ये बांधलेल्या 'अलाबामा' आणि इतर जहाजांनी गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूने उत्तरेचा व्यापार बुडवला होता. दोन्ही देशांत युद्धाची भाषा चालली होती. अखेर जिनिव्हात पाच जणांचा लवाद बसला आणि त्याने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितली. त्या वेळच्या जगातल्या सगळ्यात बलाढ्य साम्राज्याने ती भरली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेत हेन्री रिचर्ड यांचा लवादाचा ठराव थोड्या मतांनी का होईना, मंजूर झाला.

कामगार चळवळही मागे नव्हती. विल्यम रँडल क्रेमर हे ब्रिटनमधले सुतार आणि कामगार संघटनेचे कार्यकर्ते. त्यांनी फ्रान्सच्या फ्रेडरिक पासी यांच्यासह १८८९ मध्ये निरनिराळ्या देशांच्या खासदारांना एकत्र आणलं आणि लवादाचे करार व्हावेत म्हणून आयुष्य घालवलं. शांततेचं नोबेल पहिल्या वर्षी, १९०१ मध्ये, मिळालेल्या दोघांत पासी होते आणि १९०३ मध्ये ते क्रेमर यांना मिळालं.

ज्यांना कोर्टातच येऊ दिलं नाही

आता बेल्वा लॉकवुड यांच्याविषयी. या अमेरिकन वकील. १८७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना बाई म्हणून वकिली करायला परवानगी नाकारली. त्यांनी तीन वर्षं संसदेच्या पायऱ्या झिजवल्या, कायदा बदलून घेतला, आणि १८७९ मध्ये त्या न्यायालयात दाखल होणारी पहिली बाई ठरल्या. १८८४ आणि १८८८ मध्ये त्या राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या राहिल्या, जेव्हा त्यांना स्वतःलाच मत देता येत नव्हतं! या बाईंनी पुढची अनेक वर्षं शांतता परिषदांमधून आंतरराष्ट्रीय लवादाची आणि न्यायालयाची बाजू मांडली.

मला यात मोठा अर्थ दिसतो. ज्या व्यवस्थेने तुम्हाला उंबऱ्याबाहेर ठेवलं, तिच्यावर थुंकून निघून जाता येतं, किंवा आत घुसून तिचा विस्तार मागता येतो. लॉकवुड यांनी दुसरा रस्ता धरला.

ऑस्ट्रियाच्या बर्था फॉन सटनर जन्माने सरदार घराण्यातल्या. त्यांची १८८९ ची कादंबरी 'शस्त्रं खाली ठेवा' अशा अर्थाच्या नावाची आहे. तिची नायिका युद्धाने विधवा झालेली बाई आहे. त्या पुस्तकाची अनेक भाषांत भाषांतरं झाली. लेखणीवर न थांबता सटनर यांनी मंडळं काढली, परिषदा गाजवल्या, आणि १९०५ मध्ये शांततेचं नोबेल मिळवणारी पहिली बाई ठरल्या.

१८९९ मध्ये रशियाच्या झारच्या निमंत्रणावरून नेदरलँड्समधल्या हेग शहरात २६ देशांची परिषद भरली. एकूण एक प्रतिनिधी पुरुष. आपला देश तर त्या टेबलावर नव्हताच, आपण गुलाम होतो. त्या मे महिन्यात म्युनिकच्या मार्गारेटे सेलेन्का यांनी देशोदेशी बायकांच्या सभा घडवून आणल्या. एकाच मागणीचे ठराव झाले, आणि सेलेन्का व सटनर यांनी ते परिषदेच्या अध्यक्षांच्या हाती दिले. सटनर यांनी हेगमध्ये मुक्काम ठोकून संध्याकाळी आपल्या बैठकीत मुत्सद्द्यांना बोलावलं आणि त्यांच्या कानीकपाळी ओरडत राहिल्या. आत जागा नाही तर ओट्यावरून. देवळाबाहेर बसलेली ती आमची बाई मला इथे आठवते. फरक एवढाच, की या ओट्यावरून गप्प बसल्या नाहीत.

परिषदेतून काय निघालं? 'स्थायी लवाद न्यायालय' नावाची संस्था. नावात न्यायालय, पण प्रत्यक्षात लवादांच्या नावांची एक यादी आणि एक कचेरी. भांडण झालं तर दोघांनी राजी होऊन यादीतली माणसं निवडायची. यायचंच अशी सक्ती नाही, जर्मनीने ती होऊ दिली नाही. १९०७ मध्ये ४४ देश पुन्हा हेगला जमले. खऱ्या, कायम बसणाऱ्या न्यायालयाचा मसुदाही झाला. पण न्यायाधीश कुणाचे, यावर सगळं अडलं. बड्या देशांना कायमची खुर्ची हवी होती. ब्राझीलचे रुई बार्बोसा उभे राहून म्हणत राहिले की लहानमोठा प्रत्येक देश समान आहे. खुर्च्यांचं गणित सुटलं नाही आणि न्यायालय झालं नाही.

पोलादाच्या धंद्यातून अब्जाधीश झालेल्या कार्नेगींनी दिलेल्या १५ लाख डॉलरांतून हेगला शांतता महाल बांधला गेला. २८ ऑगस्ट १९१३ रोजी त्याचं उद्घाटन झालं. २१ जून १९१४ रोजी सटनर वारल्या. सातच दिवसांनी सारायेव्होत गोळी झाडली गेली आणि महिन्याभरात युरोप पेटला. इमारत तयार, आत बसवायचं न्यायालय नाही! तहान लागल्यावर विहीर खणायला घेण्याची माणसाची खोड किती जुनी आहे पहा.

युद्ध चालू असताना जमलेल्या बायका

आणि मग १९१५. माझ्या पत्रकाचं काय चुकलं, ते मला इथे समजलं.

युद्ध ऐन भरात असताना, २८ एप्रिल ते १ मे १९१५ या दिवसांत, हेगमध्ये बारा देशांतल्या अकराशेच्या वर बायका जमल्या. यजमान होत्या डॉक्टर आलेटा याकॉब्स, नेदरलँड्समध्ये वैद्यकीय पदवी घेतलेली पहिली बाई. अध्यक्ष होत्या अमेरिकेच्या जेन ॲडम्स.

जेन ॲडम्स हे नाव समाजकार्य शिकलेल्या प्रत्येकीला ठाऊक असतं. शिकागोच्या गरीब वस्तीत १८८९ मध्ये 'हल हाउस' काढणारी बाई. वस्तीत राहून काम करण्याची ती रीत पुढे मुंबईतही आली. नागपाड्यात वस्तीगृह चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट शिकागोहूनच आलेले, आणि त्यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचं पहिलं महाविद्यालय निघालं. म्हणजे माझ्या पदवीचं आणि या बाईचं दूरचं का होईना नातं आहे. परीक्षेत मी हल हाउसवर टीप लिहिली होती. पण हेगच्या सभेविषयी तिच्यात एक ओळही नव्हती. वस्तीतलं काम म्हणजे समाजकार्य आणि युद्ध म्हणजे राजकारण, अशी वाटणी आम्हाला शिकवली गेली. ॲडम्सबाईंना ती मान्य नव्हती.

तिथे पोचणं सोपं नव्हतं. ब्रिटनमधून १८० जणी निघणार होत्या, पण समुद्र वाहतुकीला बंद केला गेला आणि त्या अडकून पडल्या. फ्रान्सच्या महिला संघटनांनी यायला नकार दिला: शत्रू आमच्या भूमीवर असताना शांततेची बोलणी कसली? मताधिकाराच्या चळवळीत वर्षानुवर्षं खांद्याला खांदा लावून लढलेल्या मैत्रिणी या प्रश्नावर वेगळ्या झाल्या. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी या उपक्रमाला मूर्खपणात काढलं. तरी जर्मनीने व्यापलेल्या बेल्जियममधून पाच जणी आल्या आणि जर्मन बायकांबरोबर एकाच सभागृहात बसल्या.

हे कसं जमलं? त्यांनी आधी दोनच अटी घातल्या होत्या. देशांमधली भांडणं शांततेच्या मार्गाने सुटावीत आणि बायकांना मतदानाचा हक्क मिळावा, या दोन गोष्टी ज्यांना मान्य आहेत त्यांनी यावं. आणि युद्ध कुणी सुरू केलं, कोण कसं लढतं आहे, यावर सभेत चर्चा करायची नाही. या नियमाला भित्रेपणा म्हणता येईल. मी त्याला शहाणपण म्हणेन. भावाला सीमेवर पाठवलेल्या बाईला पहिल्याच बैठकीत 'तुझ्या देशाचं चुकलं' असं ऐकवलं, तर ती पुन्हा येणार नाही. ती 'पुढचं युद्ध कसं टळेल' यावर मात्र बोलेल, कारण तिच्याइतकी त्याची गरज दुसऱ्या कुणाला आहे?

सभेने वीस ठराव केले. युद्धात बायकांचं रक्षण होतं हा समज खोटा आहे, आणि प्रत्येक युद्धात बायकांवर होणाऱ्या अत्याचारांचा निषेध, हा एक ठराव. कोणताही प्रदेश तिथल्या स्त्रीपुरुषांच्या संमतीवाचून दुसऱ्याला देऊ नये, हा दुसरा. ज्या भांडणांचा कायद्याने निवाडा होऊ शकतो त्यांच्यासाठी स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालय आणि उरलेल्या प्रश्नांसाठी स्त्रियांचाही सहभाग असलेली कायमची आंतरराष्ट्रीय परिषद, हा आणखी एक. लॅड यांच्या निबंधातली तीच दोन पावलं, पण आता त्यात बायकांची जागा मागितलेली. ठरावांचे कागद घेऊन जेन ॲडम्स, आलेटा याकॉब्स, हंगेरीच्या रोझिका श्विमर, स्कॉटलंडच्या क्रिस्टल मॅकमिलन अशा जणी युद्धखोर आणि तटस्थ अशा दोन्ही प्रकारच्या देशांच्या राजधान्यांत गेल्या, पंतप्रधानांना आणि परराष्ट्रमंत्र्यांना भेटल्या. युद्ध थांबलं नाही. ते आणखी तीन वर्षं चाललं.

मिळालं ते काय?

१९२२ मध्ये हेगच्या त्याच महालात पहिलं स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालय सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, त्याची जागा आजच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने घेतली. लॅड यांच्या निबंधापासून मोजलं तर पहिल्या न्यायालयाला ८२ वर्षं लागली. आणि या न्यायालयाच्या पंधरा खुर्च्यांपैकी एकीवर बाई निवडून यायला १९९५ साल उजाडलं; त्या ब्रिटनच्या रोझालिन हिगिन्स.

उणिवा लपवायच्या नाहीत. या न्यायालयात वादी आणि प्रतिवादी फक्त देश असतात. तुम्ही, मी, निर्वासित छावणीतली बाई, कुणालाही तिथे अर्ज करता येत नाही. देशही राजी असतील तरच खटला चालतो. १९८६ मध्ये न्यायालयाने निकाराग्वाच्या बाजूने आणि अमेरिकेच्या विरुद्ध निकाल दिला. अंमलबजावणीचा ठराव सुरक्षा परिषदेत आला तेव्हा अमेरिकेने नकाराधिकार वापरून तो पाडला. नवरा, पोलीस पाटील आणि देवळातल्या बैठकीचा अध्यक्ष एकच असावा, तसं हे.

आपला देशही सोयीप्रमाणे वागला आहे. १९९९ मध्ये आपण पाकिस्तानचं विमान पाडलं तेव्हा पाकिस्तान हेगला गेलं. या न्यायालयाला हा खटला चालवण्याचा अधिकार नाही असं भारताने सांगितलं, आणि २००० मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं. २०१७ मध्ये कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानात फाशीची शिक्षा झाली तेव्हा आपण त्याच दारात गेलो. दहा दिवसांत फाशी रोखण्याचा आदेश मिळाला, आणि १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने सांगितलं की पाकिस्तानने त्यांना भारतीय वकिलातीशी संपर्क नाकारून करार मोडला, शिक्षेचा फेरविचार व्हावा. त्या संध्याकाळी महाराष्ट्रात पेढे वाटले गेले. दोन्ही देशांनी पूर्वी कधीतरी, शांततेच्या काळात, एका करारावर सह्या करून ठेवल्या होत्या. त्या सह्यांमुळेच हे दार उघडलं. विहीर आधी खणलेली होती.

मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. "त्याचं कोण ऐकतं?" कधी ऐकतात, कधी नाही. पोटगीचा हुकूमही नवरा पाळत नाही. म्हणून आपण कोर्टं बंद करा म्हणत नाही, वसुली कडक करा म्हणतो.

आपल्या दारातली सही

आता आपल्या कामाचं. 'सीडॉ', म्हणजे स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव नष्ट करण्याचा आंतरराष्ट्रीय करार, भारताने १९९३ मध्ये मान्य केला. आपल्याला त्याचं मोल ठाऊक आहे. भंवरी देवीच्या लढ्यातून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्यात, १९९७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने याच कराराचा आधार घेतला. पण करार मान्य करताना भारताने कलम २९ चा पहिला परिच्छेद आपल्यावर बंधनकारक नाही असं लिहून ठेवलं. तो परिच्छेद सांगतो की कराराबद्दल दोन देशांत वाद झाला आणि तो वाटाघाटींतून वा लवादातून सुटला नाही, तर आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाता येईल.

हे कलम अनेक वर्षं फडताळात पडून होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्स यांनी जाहीर केलं की मुलींच्या शाळा बंद करणाऱ्या, बायकांना घरात कोंडणाऱ्या तालिबानी राजवटीविरुद्ध ते याच कलमाचा रस्ता धरणार आहेत. अफगाण मैत्रिणींसाठी जो दरवाजा किलकिला होऊ शकतो, तो भारतीय बायकांसाठी आपल्याच सरकारने आतून कडी लावून बंद केला आहे. ही कडी काढा, अशी मागणी आपण केली पाहिजे. मोर्चाला शंभर जणी येतील की नाही, मला शंका आहे. ऑलिव्हच्या पानाची मंडळं सुद्धा पंधरावीस जणींचीच होती.

दुसरी गोष्ट आपल्या बैठकीची. युद्ध सुरू झाल्यावर शांततेचं पत्रक काढायला मी निघाले, हीच माझी चूक होती. १९१५ च्या बायकांनी आधीच्या कित्येक वर्षांत एकमेकींची ओळख, विश्वास आणि पत्त्यांच्या वह्या जमवल्या होत्या, म्हणून ऐन युद्धात त्या एका सभागृहात बसू शकल्या. तेव्हा आज, गोळीबार चालू नसताना, आपण आपल्या दोन अटी ठरवून ठेवू या. आमच्या गटाने गेल्या महिन्यात ठरवल्या. एक: कुणाच्याही घरातल्या सैनिकाचा, कुणाच्याही दुःखाचा अपमान होणार नाही. दोन: आपण सूड मागणार नाही, न्याय मागू, आणि तो आपल्या देशाला गैरसोयीचा ठरला तरी मागू.

दुसऱ्या अटीवर खूप वाद झाला. तरी ती मंजूर झाली. तिचा मसुदा सीमेवर भाऊ असलेल्या त्याच मैत्रिणीने लिहिला. शेवटचं वाक्य लिहिताना ती थांबली, म्हणाली, "हे आईला वाचून दाखवीन आधी." दाखवलं. आई म्हणाली, "पोरगा सुट्टीवर आलाय, त्यालापण वाचून दाखव."

त्यालाही वाचून दाखवलं. त्याने सही केली नाही, पण कागद नीट घडी घालून परत दिला. एवढ्यावर आमचं काम पुढे चालू आहे. तुमच्या गटांच्या अटी काय असतील, ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात छापू.

तुमची,
संपादक मंडळाच्या वतीने